गोधडीची नोंद

सन १५६३ मध्ये त्रेंतच्या धर्मपरिषदेने एक साधा परंतु दूरगामी दंडक घातला. प्रत्येक धर्मग्रामाच्या धर्मगुरूने स्नानसंस्काराची व विवाहाची नोंदवही ठेवावी, असा तो दंडक. त्यामुळे ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नव्हता, अशा कितीतरी माणसांचा मागमूस आज आपल्याला लागतो. बाळाचे नाव, आईबापांचे नाव, धर्ममातापित्यांचे नाव, तारीख. सारे काही त्या वहीत सापडते. मात्र त्या बाळाला ज्या गोधडीत गुंडाळून देवळात आणले, ती गोधडी कोणी शिवली, याची ओळ कोणत्याच वहीत नसते. ते धर्मगुरूंचे काम नव्हेच. प्रश्न असा आहे, की मग ते कोणाचे काम? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला सातासमुद्रापलीकडच्या एका स्त्रीची हकिकत फार मोलाची वाटते.

हॅरिएट पॉवर्स हे तिचे नाव. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १८३७ साली ती गुलाम म्हणून जन्माला आली. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची, लेकुरवाळी होती. पुढे नवऱ्यासह अथेन्स नावाच्या गावाजवळ छोटीशी शेती करीत तिने संसार केला. १८८६ साली त्या गावी भरलेल्या कापसाच्या जत्रेत तिने स्वतः शिवलेली एक गोधडी मांडली. ती आपल्याकडच्यासारखी धावदोऱ्याची वाकळ नव्हती. कापडातून माणसांचे, पशुपक्ष्यांचे, ताऱ्यांचे आकार कापून ते दुसऱ्या कापडावर शिवलेले होते. सुमारे ३०० तुकडे, आणि त्यांतून साकारलेले अकरा चौकोन. एदेन बागेतील आदाम व एवा, हाबेलचा वध, याकोबाचे स्वप्न, प्रभू येशूचा बाप्तिस्मा, तीस रुपयांसह यूदास, शेवटचे भोजन, क्रुसावरील मरण आणि अखेरीस पवित्र कुटुंब.

गावातील मुलींच्या विद्यालयात चित्रकला शिकवणाऱ्या जेनी स्मिथ नावाच्या एका गोऱ्या बाईने ती गोधडी पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएटने कोणत्याही किमतीला ती देण्याचे नाकारले. चार-पाच वर्षांनी मात्र दिवस फिरले. हात तंग झाला, तेव्हा ती बैलगाडीतून स्मिथबाईंच्या दारी आली. मांडीवर गोधडी होती, पिठाच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळलेली आणि वरून गोणपाटात घातलेली. तिने दहा डॉलर मागितले. बाईंनी पाच देऊ केले. नवऱ्याशी विचारविनिमय करून तिने ते स्वीकारले. गाडीतून उतरताना तिच्या मनात काय चालले असेल, हे माझ्या वाचक भगिनींना मी सांगायला नको. पुढेही ती अनेकदा केवळ आपली गोधडी पाहण्यासाठी त्या घरी जात असे.

परंतु त्या व्यवहारात आणखी एक गोष्ट घडली, आणि तीच आपल्या विषयाची आहे. देण्यापूर्वी हॅरिएटने प्रत्येक चौकोनाचा अर्थ तोंडी समजावून सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून ठेवला. ही नोंद नसती तर कित्येक चित्रे आज मुकी राहिली असती. सात ताऱ्यांच्या मध्ये उभा असलेला तो आकार म्हणजे सैतान, हे नुसते पाहून कोणाच्या ध्यानात येणार? ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे आणि ती नोंदही अभ्यासकांना उपलब्ध आहे.

तिची दुसरी गोधडी बॉस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. तिच्यात पंधरा चौकोन आहेत. मोशे, योना, ईयोब यांच्याबरोबरच तिने आकाशातल्या अद्भुत घटनाही शिवल्या आहेत : १७८० सालचा भरदिवसा पडलेला अंधार, १८३३ सालचा उल्कावर्षाव, १८९५ सालचा फेब्रुवारीतला जीवघेणा गारठा. पहिल्या दोन घटना तर तिच्या जन्माआधीच्या. थोरामोठ्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी तिने बायबलच्या कथांच्या शेजारी बसवल्या. एका चौकोनात तर जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळालेली बेट्स नावाची डुकरीण आहे! या गोधडीसोबतही प्रत्येक चौकोनाचे वर्णन लिहिलेले होते, म्हणूनच ते आपल्याला कळते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग झाले तर. नोंद राहिली ना? राहिली, पण ती दुसऱ्याच्या हातची. स्मिथबाईंच्या लिखाणात कौतुक जरूर आहे, परंतु ते वरच्या पायरीवर उभे राहून केलेले कौतुक आहे. त्या नोंदींच्या आधारे हॅरिएटची जी प्रतिमा तयार झाली, ती एका भोळ्या, निरक्षर, भाविक शेतकरणीची. ती अनेक दशके टिकली. बायबल तिने केवळ देवळातील प्रवचनांतून ऐकले असावे, तिने एवढ्या दोनच गोधड्या केल्या असाव्यात, असे धरून चालण्यात आले.

२००९ साली तिने स्वतः १८९६ मध्ये लिहिलेल्या एका पत्राची नक्कल प्रकाशात आली, आणि हे चित्र बदलले. आयोवा राज्यातील एका बाईला लिहिलेल्या त्या पत्रात हॅरिएट आपली हकिकत सांगते. वयाच्या अकराव्या वर्षी गोऱ्या मुलांनी तिला झाडाच्या पानावर अक्षरे गिरवून, उच्चारासह शिकवली; पुढे ती पुस्तकांकडे वळली. जॉर्जियात गुलामाला लिहावाचायला शिकवणे १८२९ पासून कायद्याने गुन्हा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पानाचे मोल कळते. त्याच पत्रात तिने आपण शिवलेल्या गोधड्यांचा हिशेब दिला आहे. कोणती गोधडी केव्हा केली, तिच्यात शंकरपाळ्याच्या आकाराचे किती हजार तुकडे जोडले, हे ती मोजून सांगते. केवळ प्रभूच्या शेवटच्या भोजनावर तिने एक स्वतंत्र गोधडी केली होती, हेही त्यावरूनच समजते. ती गोधडी आज उपलब्ध नाही. पत्रातील उल्लेख हेच तिचे उरलेले अस्तित्व.

दुसऱ्याने ठेवलेल्या नोंदीने गोधडी वाचली. स्वतः लिहिलेल्या चार ओळींनी माणूस वाचला. या दोहोंत मोठे अंतर आहे.

आपल्या देशात तर याहून मोठी हानी झाली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधील सातगाव परिसरात पोर्तुगीजांसाठी रेशमी धाग्याने भरलेल्या ‘कोल्चा’ तयार होत. त्यांवर शलमोन राजाच्या न्यायासारखे जुन्या करारातील प्रसंग आढळतात. युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत त्या मानाने जपल्या जातात. ज्यांच्या हातांनी ती वेलबुट्टी भरली, ते हात कोणाचे, त्यांना शलमोनाची कथा कोणी सांगितली, ऐकून त्यांना काय वाटले? नावाची एक खूणही मागे राहिली नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या ‘कवंदी’ त्या मानाने भाग्यवान म्हणायच्या. या लोकांपैकी अनेकांचे आफ्रिकी पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणले होते, आणि त्यांच्यातील बरीच कुटुंबे कॅथलिक आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून शिवायला घेतात आणि फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. चारही कोपऱ्यांवर घडीचे ‘फूल’ बसवल्यावाचून गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत. ख्रिस्ती घरांतील गोधड्यांवर क्रूसही दिसतो. गेल्या काही वर्षांत या गोधड्यांची प्रदर्शने भरली, अभ्यासकांनी त्यांवर लिहिले. पुन्हा तेच, लिहिणारा बाहेरचा.

आपल्या घरांतील पेटाऱ्यांत अजून गोधड्या आहेत. आजीच्या लुगड्याचा काठ, आजोबांच्या सदऱ्याची पाठ, कोणाच्या तरी प्रथम कम्युनियनच्या झग्याची पट्टी असे त्यांत काय काय दडलेले असते. हे ओळखणारी एखादी मावशी किंवा आत्या अजून हयात असेल, तर तिच्याजवळ बसून लिहून घ्यावे : कोणी शिवली, कोणासाठी, कोणत्या साली, कोणते कापड कोणाचे. मावशीला लिहिता येत असेल तर वही तिच्याच हाती द्यावी. ती आपल्या शब्दांत लिहील, शुद्धलेखनाच्या चुका करील. त्या सुधारण्याचा मोह टाळलेला बरा. आणि जी आज नवी गोधडी शिवते आहे, तिने शेवटचा टाका घातल्यावर उलट्या बाजूच्या कोपऱ्यात कापडाची एक पट्टी लावावी, तिच्यावर आपले नाव व साल भरावे. शाईपेक्षा दोरा बरा. काही जुन्या शायांनी कापड अक्षराच्या आकारातच कुरतडल्याची उदाहरणे आहेत. पक्क्या रंगाचा दोरा पुष्कळ धुण्यांना पुरतो.