पॅसिफिक क्रीडास्पर्धांतील नाऊरू

पॅसिफिक महासागरातील बेटांच्या चतुर्वार्षिक क्रीडास्पर्धांत नाऊरू या लहान प्रजासत्ताकाने घेतलेल्या सहभागाचा हा इतिहास होय. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सु. ५६ किमी. अंतरावर वसलेल्या या एकाकी प्रवाळबेटाचे क्षेत्रफळ अवघे २१ चौ. किमी. असून २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सु. ११,७०० होती. सर्वांत जवळचे बानाबा बेटही त्याच्या पूर्वेस सु. ३०० किमी. दूर आहे. एवढ्या अल्प मनुष्यबळाच्या देशाने भारोत्तोलनात जागतिक दर्जाचे खेळाडू घडविले, ही घटना केवळ क्रीडेतिहासातच नव्हे, तर लहान राष्ट्रांच्या घडणीच्या अभ्यासातही लक्षणीय ठरते.

पार्श्वभूमी : जर्मनीने १८८८ मध्ये नाऊरू आपल्या अंमलाखाली आणले व १९०७ पासून तेथील फॉस्फेटचे उत्खनन सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी, १९१४ मध्ये, ऑस्ट्रेलियन सैन्याने बेट काबीज केले. युद्धोत्तर काळात राष्ट्रसंघाच्या महादेशान्वये ते ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व न्यूझीलंड या तीन देशांकडे सोपविण्यात आले; प्रत्यक्ष कारभार मात्र ऑस्ट्रेलियाकडे राहिला. १९२० मधील इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत मूळ रहिवाशांची मोठी प्राणहानी झाली. लोकसंख्या १,५०० च्या खाली राहिल्यास ही जमात तग धरणार नाही, अशी त्या काळी समजूत होती. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी ही संख्या गाठली गेली आणि तो दिवस ‘अंगाम’ या नावाने राष्ट्रीय सण म्हणून पाळला जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट व्यापले. १९४३ मध्ये सु. १,२०० नाऊरूवासीयांना ट्रूक बेटांवर मजुरीसाठी नेण्यात आले. त्यांपैकी केवळ ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी मायदेशी परतले. १,५०० ची संख्या पुन्हा गाठण्यास १९४९ साल उजाडावे लागले. बरोबर बावीस वर्षांनी याच तारखेस, म्हणजे ३१ जानेवारी १९६८ रोजी, नाऊरू स्वतंत्र झाले. ज्या समाजाने आपली माणसे अशी एकेक करून मोजली, त्याच्या दृष्टीने इतर राष्ट्रांच्या बरोबरीने मैदानावर स्वतःचा संघ उभा राहणे, ही निव्वळ करमणुकीची बाब नव्हती.

स्पर्धांचा उगम : पॅसिफिक बेटांसाठी स्वतंत्र क्रीडास्पर्धा असाव्यात, ही कल्पना फिजीचे प्रतिनिधी डॉ. ए. एच. साहू खान यांनी १९५९ मध्ये राबाउल येथे भरलेल्या दक्षिण पॅसिफिक परिषदेत मांडली. तदनुसार पहिल्या दक्षिण पॅसिफिक क्रीडास्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबर १९६३ मध्ये फिजीची राजधानी सुवा येथे भरविण्यात आल्या. त्यांत १३ संघांनी भाग घेतला व नाऊरू हा त्यांपैकी एक होता. पुढील स्पर्धा नूमेआ (१९६६), पोर्ट मोर्झबी (१९६९) व पापीटी (१९७१) येथे झाल्या. १९७५ मधील ग्वॉमच्या स्पर्धांपासून त्या नियमितपणे चार वर्षांनी भरू लागल्या. २०११ पासून त्या ‘पॅसिफिक क्रीडास्पर्धा’ या नावाने ओळखल्या जातात.

या स्पर्धांत भाग घेण्यासाठी राजकीय सार्वभौमत्वाची अट नव्हती, हे त्यांचे महत्त्वाचे वैशिष्ट्य होय. १९६३ मध्ये सहभागी झालेले बहुतेक प्रदेश ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंड यांच्या अंमलाखाली होते. नाऊरूही त्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळाखालील प्रदेश होता. तथापि क्रीडांगणावर त्याचे खेळाडू स्वतःच्या बेटाच्या नावाने उतरले. राजकीय स्वातंत्र्यापूर्वी पाच वर्षे आणि ऑलिंपिक चळवळीतील प्रवेशापूर्वी सु. तीस वर्षे नाऊरूची गणना एक स्वतंत्र संघ म्हणून होऊ लागली, ती या प्रादेशिक स्पर्धांमुळे.

लोकसंख्येची मर्यादा : या स्पर्धांत न्यू कॅलेडोनिया, फिजी, ताहिती, पापुआ न्यू गिनी यांसारख्या मोठ्या प्रदेशांचे वर्चस्व राहिले आहे. संख्याबळाचा प्रश्न सांघिक खेळांत विशेष तीव्रतेने जाणवतो. रग्बी वा फुटबॉलचा संघ उभारण्यासाठी केवळ अकरा किंवा पंधरा खेळाडू पुरत नाहीत. त्यांना आव्हान देणारे आणखी शेकडो खेळाडू, नियमित सामने व प्रशिक्षकांची परंपरा यांची गरज असते. स्वातंत्र्याच्या सुमारास नाऊरूची एकूण लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास होती आणि तीतील निम्मे लोक फॉस्फेटच्या खाणींत काम करण्यासाठी बाहेरून आलेले होते. शिवाय बेटावरील सर्वाधिक लोकप्रिय खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल. तो शेजारच्या बहुतेक बेटांवर रुजलेला नसल्याने प्रादेशिक स्पर्धांत या आवडीचा नाऊरूला फारसा लाभ झाला नाही.

भारोत्तोलनातील उदय : ही कोंडी भारोत्तोलनाने फोडली. या खेळास विस्तीर्ण मैदान किंवा मोठा संघ लागत नाही. एक शेड, लोखंडी दांडा, वजनाच्या तबकड्या व जाणता प्रशिक्षक एवढ्यावर सरावास आरंभ करता येतो. शरीराच्या वजनानुसार गट पाडलेले असल्याने लहान चणीच्या खेळाडूसही त्यात वाव मिळतो. पॅसिफिक स्पर्धांत प्रत्येक वजनगटात ‘स्नॅच’, ‘क्लीन अँड जर्क’ आणि या दोहोंची बेरीज यांसाठी वेगवेगळी पदके देण्याची प्रथा आहे. त्यामुळे एकच कुशल खेळाडू आपल्या देशास तीन सुवर्णपदके मिळवून देऊ शकतो. पदकतालिकेतील लहान देशांचे स्थान पाहताना ही व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते.

या उदयाचे श्रेय मुख्यत्वे मार्कस स्टीफन (जन्म १९६९) यांच्याकडे जाते. ऑस्ट्रेलियात शिकत असताना त्यांना या खेळाची गोडी लागली व मेलबर्नचे प्रशिक्षक पॉल कॉफा यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९९० मध्ये ऑक्लंड येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत नाऊरूने प्रथमच भाग घेतला व तीत स्टीफन यांनी एक सुवर्ण व दोन रौप्यपदके मिळविली. व्हिक्टोरिया (१९९४) व क्वालालुंपुर (१९९८) येथे त्यांनी प्रत्येकी तीन सुवर्णपदके जिंकली. १९९९ मध्ये अथेन्स येथील जागतिक स्पर्धांत त्यांना रौप्यपदक मिळाले.

त्यांच्या कारकीर्दीतील एक प्रसंग लहान राष्ट्रांच्या अडचणींवर प्रकाश टाकणारा आहे. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकच्या वेळी नाऊरूची ऑलिंपिक समिती मान्यताप्राप्त नव्हती. राष्ट्रकुल विजेता असूनही स्टीफन यांना स्वदेशाच्या वतीने उतरता येईना; तेव्हा सामोआचे नागरिकत्व घेऊन ते त्या देशातर्फे खेळले. १९९४ मध्ये नाऊरूला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली व अटलांटा (१९९६) आणि सिडनी (२०००) येथे ते नाऊरूच्या ध्वजाखाली उतरले. पुढे ते २००७ ते २०११ या काळात नाऊरूचे राष्ट्राध्यक्ष होते.

स्टीफन यांच्यामागून खेळाडूंची एक पिढीच उभी राहिली. २००२ मध्ये मँचेस्टर येथे रीॲना सॉलोमन यांनी राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या नाऊरूवासी महिला होत. २०१० च्या दिल्ली येथील राष्ट्रकुल स्पर्धांत युकिओ पीटर यांनी ७७ किग्रॅ. गटात सुवर्णपदक मिळविले. याच गटात यजमान भारताच्या वाट्यास कांस्यपदक आले. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येचा देश आणि दहा हजार वस्तीचे बेट एकाच विजयमंचावर उभे होते, तेही बेट वरच्या पायरीवर. त्याच स्पर्धांत इट्टे डेटेनामो यांनी सर्वांत वजनदार गटात रौप्यपदक पटकाविले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे मॅक्सिमिना उएपा यांनी कांस्यपदक मिळवून ही परंपरा पुढे चालविली.

आर्थिक ऱ्हास व क्रीडा : फॉस्फेट उद्योगाची मालकी १९७० मध्ये नाऊरूकडे आली आणि पुढील काही वर्षांत दरडोई उत्पन्नाच्या दृष्टीने हा देश जगातील अतिश्रीमंत देशांत गणला गेला. त्याची स्वतःची विमानसेवा होती. मेलबर्न शहरात त्याने ५२ मजली इमारत बांधली (१९७७). विसाव्या शतकाच्या अखेरीस फॉस्फेटचे साठे संपत आले. चुकीची गुंतवणूक व उधळपट्टी यांमुळे संचित निधीही ओसरला. मेलबर्नची इमारत २००४ मध्ये विकावी लागली आणि डिसेंबर २००५ मध्ये विमानसेवेचे एकमेव विमान कर्जफेडीअभावी जप्त झाले. महासागराने वेढलेल्या देशाच्या खेळाडूंवर याचा काय परिणाम होत असेल, याची कल्पना सहज करता येते : त्यांच्या दृष्टीने विमान हीच स्पर्धेची पहिली पायरी होय. उत्खननामुळे बेटाचा सु. चार-पंचमांश भाग ओसाड झाला व वस्ती किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्टीत एकवटली. पारंपरिक मासेमारी व शेती मागे पडून आयात अन्नावर निर्वाह होऊ लागल्याने स्थूलता व मधुमेह यांचे प्रमाण फार वाढले. अशा समाजात खेळाचे महत्त्व पदकांपुरते उरत नाही. ते सार्वजनिक आरोग्याशी निगडित होते.

स्थलांतर ही दुसरी अडचण होय. चरिस्मा अमो-टॅरंट यांनी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धांत नाऊरूला रौप्यपदक मिळवून दिले. २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये मात्र त्या ऑस्ट्रेलियातर्फे उतरल्या. मोठ्या देशास एक खेळाडू गमावल्याचे विशेष वाटत नाही. नाऊरूसारख्या देशाचा मात्र त्यामुळे एखाद्या क्रीडाप्रकारातील आधारच नाहीसा होऊ शकतो.

मूल्यमापन : लहानांना लहानांशी झुंजता यावे, हा प्रादेशिक स्पर्धांचा मूळ हेतू होय. याच हेतूने १९८१ पासून होनीआरा येथे ‘लघु क्रीडास्पर्धा’ सुरू झाल्या. नाऊरूहून कमी वस्तीच्या नॉरफॉक बेटानेही २००१ मध्ये त्यांचे यजमानपद सांभाळले. मायक्रोनीशियन स्पर्धांत तर नारळाच्या झाडावर चढणे, नारळ सोलणे व भालाफेक यांसारख्या बेटांवरील जीवनातील कौशल्यांची कसोटी घेतली जाते. उलट २०१५ च्या पोर्ट मोर्झबी येथील पॅसिफिक स्पर्धांत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांना काही मोजक्या खेळांत प्रवेश देण्यात आला व भारोत्तोलन हा त्यांपैकी एक होता. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांमुळे खेळाचा दर्जा उंचावतो, हे खरे. परंतु ज्या एका दालनात लहान देशाने आपले स्थान निर्माण केले, तेथेही त्यास पुन्हा महासत्तांशी तोंड द्यावे लागते, हेही तितकेच खरे आहे.

पदकांच्या एकूण संख्येवरून नाऊरूचे यश मोजणे अपुरे ठरेल. ज्या बेटाची मूळ जमात टिकेल की नाही, अशी शंका एकेकाळी घेतली जात होती, त्याने प्रादेशिक स्पर्धांच्या आधारे प्रथम आपले नाव आणि नंतर आपले सामर्थ्य जगापुढे मांडले. खनिजसंपत्तीने मिळवून दिलेले वैभव एका पिढीत ओसरले. भारोत्तोलनाची परंपरा त्यानंतरही टिकून राहिली. ती यापुढे कितपत टिकेल, हे सुवर्णपदकांपेक्षा बेटावरील मुलांना नियमित सराव, सकस आहार, प्रवासाची सोय व मार्गदर्शक मिळतात की नाही, यावर अवलंबून राहील.