तीस गोऱ्यांनी घडवलेली एकता

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचा विषय निघाला की आपली चर्चा १९४८ पासून सुरू होते. नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद आला, एवढेच सांगितले जाते. पण त्याचा पाया त्याआधी चाळीस वर्षे घातला गेला होता, चार वसाहती एकत्र आणण्याच्या वाटाघाटीत आणि अगदी सनदशीर मार्गाने.

केप, नाताळ, ट्रान्सवाल आणि ऑरेंज रिव्हर या त्या वसाहती. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज आणि बोअर, म्हणजे मुख्यतः डच वंशाचे गोरे, एकमेकांशी लढले. जिंकले इंग्रज. तरी तहाच्या आठव्या कलमात त्यांनी मान्य केले की मूळ रहिवाशांच्या मताधिकाराचा निर्णय स्वराज्य दिल्यानंतरच होईल. म्हणजे निर्णय कोण घेणार? स्वराज्य मिळालेले गोरेच!

पुढे रेल्वेचे दर आणि जकातीवरून वसाहतींची भांडणे होऊ लागली. १९०६ मध्ये नाताळात बंबाथाच्या नेतृत्वाखाली झुलूंचा उठाव झाला, आणि गोऱ्यांना एकीची निकड पटली. १२ ऑक्टोबर १९०८ रोजी डर्बनमध्ये परिषद भरली. केपचे १२, ट्रान्सवालचे ८ आणि उरलेल्या दोघांचे पाच-पाच असे ३० प्रतिनिधी. सगळे गोरे पुरुष. लोकसंख्येत मात्र गोरे पाचातला जेमतेम एक.

या तिसांनी एकमेकांना किती सांभाळून घेतले पाहा. राजधानीवरून वाद झाला, तर कारभार प्रिटोरियात, संसद केपटाऊनला आणि वरिष्ठ न्यायालय ब्लोमफाँटेनला. नाताळला काहीच मिळाले नाही म्हणून नुकसानभरपाई. इंग्रजी आणि डच भाषांना समान दर्जा. मताधिकाराचा प्रश्न आला तेव्हा हा मनाचा मोठेपणा संपला. केपमध्ये मालमत्ता-उत्पन्नाची अट पुरी करणाऱ्या काळ्यांनाही मत होते. ते फक्त केपपुरते ठेवले, बाकीकडे दार बंदच. संसदेत बसायला युरोपीय वंशाचाच माणूस पात्र. प्रांतांना जागा वाटल्या त्याही प्रौढ गोऱ्या पुरुषांच्या संख्येवर. काळा माणूस मोजणीतही नव्हता.

लोक गप्प बसले नव्हते. मार्च १९०९ मध्ये ब्लोमफाँटेनला काळ्यांची स्वतंत्र परिषद झाली, वॉल्टर रुबुसाना अध्यक्ष. जुलैत रुबुसाना, जाबावू आणि अब्दुर्रहमान हे केपचे माजी पंतप्रधान श्राइनर यांच्यासोबत लंडनला गेले. (गांधीही तेव्हा लंडनमध्येच होते, पण ट्रान्सवालमधील हिंदी लोकांचे वेगळे गाऱ्हाणे घेऊन.) केर हार्डींसारख्या थोड्या खासदारांनी विरोध केला. विधेयक तरीही मंजूर झाले आणि ३१ मे १९१० रोजी संघराज्य अस्तित्वात आले. तीनच वर्षांत जमीन कायदा आला. काळ्यांसाठी सुमारे सात टक्के जमीन राखली गेली आणि बाहेर जमीन घेण्यावर बंदी आली.

केपच्या मतदारांना तेव्हा एक दिलासा दिला होता: दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश बहुमत असल्याशिवाय तुमचे मत काढता येणार नाही. पण त्या सभागृहांत बसणार कोण होते? १९३६ मध्ये केपच्या काळ्या मतदारांना सर्वसाधारण यादीतून काढले, १६९ विरुद्ध ११ मतांनी. मिश्रवंशीय मतदारांच्या वेळी दोन तृतीयांश जमेना, तेव्हा सरकारने १९५५ मध्ये सिनेटच ४८ वरून ८९ जणांचे केले. पुढच्याच वर्षी त्यांचीही नावे यादीतून गेली.