शब्दवेध : इमान
प्रार्थनेच्या अखेरीस एकमुखाने उमटणारे ‘आमेन’ ऐकले की मला हटकून आपला ‘इमान’ हा शब्द आठवतो, आणि हे साहचर्य केवळ ध्वनीचे नाही. कारण हिब्रू आणि अरबी या भगिनीभाषांतील अ-म-न या एकाच धातूची ही दोन अपत्ये आहेत. धातूचा अर्थ दृढ असणे, भरवशाचे असणे. बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या १५व्या अध्यायात अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला असे म्हटले आहे, तेथील क्रियापद याच धातूचे, आणि ज्याने वयाच्या ७५व्या वर्षी, गणगोत मागे टाकून, कोठे जायचे हे ठाऊक नसताना, केवळ हाकेसरशी हारान सोडले, त्या वृद्धाची श्रद्धा म्हणजे बौद्धिक संमती नव्हे, तर हाक देणाऱ्यावर आपला सर्व भार टाकणे होय, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत येताना हे कुळ दरबारी झाले: ‘अमीन’ हा महसुलाचा अंमलदार ठरला, ‘अमानत’ म्हणजे ठेव, आणि ‘इमान’ ईश्वरश्रद्धेपेक्षा धन्यावरील निष्ठेकडे झुकले. आज ‘इमानेइतबारे’ केलेल्या चाकरीचा गौरव होतो, ‘बेइमान’ ही शिवी सर्रास चालते. ‘आमेन’ मात्र उपासनेतच राहिले आहे.