वेग की ऊर्जा? छर्‍याच्या बंदुकीतला जुना वाद

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण मुलगा थांबला होता. म्हणाला, "सर, एअरगन घ्यायची आहे. दुकानदार सांगतो वेग बघा, मित्र सांगतो ऊर्जा बघा. खरं कोणाचं?" मी म्हटलं, बाबा रे, मी तत्त्वज्ञान शिकवलं, बंदुका नाही विकल्या. पण घरी जाताना लक्षात आलं की हा प्रश्न आमच्याच घरातला आहे. लायब्निझ आणि देकार्तचे अनुयायी याच प्रश्नावरून पिढ्यानपिढ्या भांडले. म्हणून आज हाच विषय.

आधी हिशेब मांडू. साध्या एअर रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला २८० मीटर वेगानं सुटला असं धरा. दुसरा छर्रा एक ग्रॅमचा, वेग २०० मीटर. कोणता जास्त जोराचा? 'जोर' हा शब्द आपण सहज वापरतो, पण तो मोजायचा कसा, हीच खरी अडचण आहे.

देकार्तनं १६४४ साली आपल्या ग्रंथात उत्तर दिलं होतं: वस्तुमान गुणिले वेग. त्या हिशेबानं पहिल्याचे १४०, दुसर्‍याचे २००. म्हणजे जड छर्रा पुढे. १६८६ साली लायब्निझनं एक छोटा लेख लिहून सांगितलं की देकार्त चुकला. त्याचं म्हणणं असं: एक शेर वजन चार हात उंचीवरून पाडा, आणि चार शेर वजन एक हात उंचीवरून. ही वजनं तेवढ्याच उंचीवर परत चढवायला सारखेच कष्ट लागतात, तेव्हा पडताना दोघांत आलेलं बळही सारखंच असलं पाहिजे. पण चौपट उंचीवरून पडणार्‍याचा वेग चौपट नसतो, दुप्पट असतो, हे गॅलिलिओनं आधीच दाखवलं होतं. मग देकार्तच्या मापानं एकाचे दोन येतात, दुसर्‍याचे चार. हिशेब जुळवायचा तर वेगाचा वर्ग घ्यावा लागतो. या मापाला लायब्निझ 'जिवंत बळ' म्हणायचा. आपले दोन छर्रे या मापानं जवळपास बरोबरीत येतात. आजच्या भाषेत दोघांची ऊर्जा सुमारे २० ज्यूल.

आता कोणी म्हणेल, हा कागदावरचा खेळ झाला. तर प्रयोग ऐका. हॉलंडमधल्या लायडनचे प्राध्यापक ग्राव्हेसांडे हे न्यूटनच्या पंथातले, म्हणजे लायब्निझच्या विरुद्ध बाजूचे. १७२२ साली त्यांनी पितळेचे सारख्याच आकाराचे पण वेगवेगळ्या वजनाचे गोळे मऊ मातीवर पाडले. पोळ्याचे बैल करायला आपण आणतो, तशी माती डोळ्यांपुढे आणा. गोळा तिप्पट जड आणि उंची एक तृतीयांश असली की खड्डा तेवढाच पडायचा. माती वेगाच्या वर्गाचा हिशेब ठेवत होती. ग्राव्हेसांडेंनी आपलं मत बदलून टाकलं. प्राध्यापकानं मत बदलणं ही दुर्मीळ घटना आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले या विदुषीनं १७४० च्या आपल्या ग्रंथात हीच बाजू उचलून धरली. पुढे द'अलाम्बेर म्हणाला की हा नुसता शब्दांचा वाद आहे. मला ते अर्धंच पटतं. दोन्ही मापं खरी आहेत, फक्त ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. अमुक जोर लावला तर वस्तू थांबायला वेळ किती लागेल, हे देकार्तचं माप सांगतं. थांबेपर्यंत ती किती खोल जाईल, हे लायब्निझचं माप सांगतं. १७४२ साली इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सनं लाकडाचा ठोकळा टांगून त्यात गोळी मारली आणि ठोकळा किती झोकावला त्यावरून गोळीचा वेग काढला. तिथे कामी आलं ते देकार्तचं माप. पण गोळी लाकडात किती शिरेल, हे विचारायचं तर लायब्निझकडे जावं लागतं.

मग वेगाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि त्यासाठी आपल्याच मुलखात येऊ. १८६१ मध्ये नागपूर राजधानी करून मध्य प्रांत तयार झाला. त्या प्रांतात कॅप्टन जेम्स फॉर्सिथ नावाचा अधिकारी होता. त्याचं सातपुड्यावरचं पुस्तक १८७१ साली निघालं. पण त्याआधी, १८६३ मध्ये, त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचा मुद्दा साधा होता: जंगलात जनावर किती अंतरावर आहे याचा अंदाज चुकतोच. गोळी वेगवान असली तर तिची वाट सपाट राहते आणि अंदाजाची चूक पोटात घातली जाते.

आपल्या छर्‍यांवर हे लावून बघा. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर ४० मीटरवर पोचेपर्यंत २०० च्या वेगाचा छर्रा सुमारे २० सेंटिमीटर खाली येतो. २८० चा येतो १० सेंटिमीटर. म्हणजे वेग नेमाच्या कामाचा. पण हवा बाजूला ठेवता येत नाही ना! ती किती अडवते हे रॉबिन्सनंच दाखवलं होतं. एकाच जाडीच्या दोन छर्‍यांत हलका छर्रा आपला वेग लवकर गमावतो, जड छर्रा टिकवून धरतो. डब्यावर छापलेला मोठा आकडा नळीच्या तोंडाशी असतो, आणि पुष्कळदा हलक्यात हलका छर्रा वापरून काढलेला असतो. झाडावर पोचेपर्यंत तो आकडा उरत नाही.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. दहा-अकरा वर्षांचा असेन. एका नातेवाइकाकडे एअरगन होती. त्या काळी पोरांनी पाखरं मारण्यात कोणाला वावगं वाटत नसे. मी बाभळीवरच्या होल्यावर नेम धरला. छर्रा लागला, पिसं उडाली, पण होला पडला नाही. उडाला आणि दिसेनासा झाला. दुसर्‍या दिवशी कुंपणाशी सापडला. एक पंख ओढत होता, जिवंत होता. मोठ्यांनी त्याला संपवलं. मी तिथून निघून गेलो होतो.

पुढे कितीतरी वर्षं मी वर्गात लायब्निझ शिकवला, पण हा होला कधी त्या तासाला आला नाही. आज आणतो. होल्याच्या मर्माची जागा सुपारीएवढी. तिथे लागलं तर थोडी ऊर्जा पुरते. नाही लागलं तर दुप्पट ऊर्जेनंही फक्त जखम मोठी होते. वेग की ऊर्जा या वादात शिकारी एक गोष्ट विसरतो: दोन्ही आकडे बंदुकीचे आहेत. हात हलला, वारा आला, पाखरानं मान वळवली, याचा आकडा कुठल्याच डब्यावर नसतो.

आपल्या कायद्यानं या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे एअरगनची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा बोअर ०.१७७ इंचापेक्षा मोठा असेल तर परवाना लागतो. बघा, नियम वेग विचारत नाही, ज्यूल विचारतो. तिथे लायब्निझ जिंकला. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. जखमी करणं ही शिकार, आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकार. तिथे कोणी ज्यूल विचारत नाही. आपण रामटेकला कालिदासाचा रामगिरी मानतो. त्याच्या शाकुंतलाची सुरुवात आठवा: राजानं हरणावर बाण रोखला आहे आणि तपस्वी आडवा येतो. बाण किती वेगवान, ही चौकशी तो करत नाही.

तेव्हा त्या मुलाला माझं उत्तर असं: लक्ष्यफलकावर नेम शिकायचा असेल तर बंदूक जरूर घे. स्पर्धेत १० मीटरवर ४.५ मिलिमीटरचाच छर्रा चालतो, आणि तिथे फुशारकीच्या वेगापेक्षा प्रत्येक छर्रा सारखा सुटणं महत्त्वाचं. पाखरासाठी घेत असशील, तर वेग आणि ऊर्जा हा तुझा प्रश्नच नाही. तो वाद मातीच्या खड्ड्यावर मिटवता आला. होल्यावर मिटवायचा नसतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.