राष्ट्रीय सेवा योजना
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना समाजसेवेशी जोडणारी केंद्र शासनाची योजना. प्रचारातील लघुरूप ‘रासेयो’. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह तिचा प्रारंभ झाला. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास नियमित काम करावे आणि दत्तक गावात किंवा वस्तीत सात दिवसांचे विशेष शिबिर करावे, अशी तिची रचना आहे. शिबिरातले श्रमदान, प्रभातफेरी लोकांच्या डोळ्यांत भरते; योजनेचे खरे बळ मात्र नियमित तासांत आहे. वस्तीतल्या मुलाला वाचायला शिकवणे, अंध परीक्षार्थीचा लेखनिक होणे, वृद्धाश्रमातल्या आजोबांशी बोलत बसणे ही कामे ओळखीवर चालतात, आणि ओळख सात दिवसांत होत नाही. रस्ता एकदा दुरुस्त केला की काही काळ टिकतो; मुलाला लागलेला लळा मध्येच तुटला तर ते पुढच्या ताई-दादाजवळ फिरकत नाही.

विद्यार्थी वाढीव गुणांसाठी येतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खोटा नाही. पण हेतू पुष्कळदा कामातून घडतो, आणि ज्याला लेखनिक मिळाला त्याच्या लेखी लेखनिकाचा हेतू दुय्यमच असतो. अप्रशिक्षित तरुणांच्या हाती दुबळी माणसे सोपवावीत का, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर देखरेखीत आहे. ती जबाबदारी प्रत्येक एककाच्या, म्हणजे महाविद्यालयातल्या स्वयंसेवक-गटाच्या, कार्यक्रम अधिकाऱ्याची, म्हणजे अध्यापन सांभाळून हे काम पाहणाऱ्या प्राध्यापकाची असते.