स्टारफील्ड: हजार ग्रह आहेत, मग प्रवास कुठे हरवला?

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात, तर तिथे 'साहेबाचे ओटे' दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचं निरीक्षण इथून झालं, अशी त्यांची ओळख आहे. हेलियमच्या शोधाची गोष्ट याच ग्रहणापासून सुरू होते. त्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरमध्ये होते आणि पुढे ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी इंग्लंडमधून सूर्यप्रकाशातली तीच पिवळी रेषा टिपली. तरी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो तो विजयदुर्गावर.

याच हेलियमचा एक दुर्मिळ प्रकार, हेलियम-३, 'स्टारफील्ड' या व्हिडिओ गेममध्ये अवकाशयानाचं इंधन आहे. हा गेम कुठे जमला आणि कुठे फसला, हे त्या इंधनावरूनच समजतं.

स्टारफील्ड काय आहे?

'स्कायरिम' आणि 'फॉलआउट ४' बनवणाऱ्या बेथेस्डा गेम स्टुडिओजचा हा गेम ६ सप्टेंबर २०२३ रोजी विंडोज आणि एक्सबॉक्स सिरीजवर आला. दिग्दर्शक टॉड हॉवर्ड. काळ आहे इसवी सन २३३०. पृथ्वी ओसाड झाली आहे आणि माणसं इतर ताऱ्यांभोवती वस्ती करून आहेत. ओपन-वर्ल्ड म्हणजे ठरलेल्या वाटेनेच जायची सक्ती नाही आणि रोल-प्लेइंग म्हणजे आपलं पात्र आपणच घडवायचं. फिरायला सुमारे शंभर तारामंडळं आणि हजारांहून अधिक ग्रह-उपग्रह आहेत.

काय जमलं?

माणसाच्या हाताने घडवलेला भाग उत्तम आहे. निऑन, अकिला यांसारख्या शहरांचा प्रत्येकी वेगळा स्वभाव आहे. क्रिमसन फ्लीट या चाच्यांच्या टोळीत छुपा हेर म्हणून शिरण्याची कथा तर अनेकांना मुख्य कथेपेक्षा जास्त आवडली. यान स्वतः जोडायची सोय हे गेमचं मोठं आकर्षण: इंजिन, कॉकपिट, मालाची जागा, सगळं आपल्या मनासारखं. यंत्रांची रचना नासाच्या जुन्या मोहिमांची आठवण करून देते, त्यामुळे हे भविष्य खरं वाटतं.

वैताग कशाचा?

एवढे ग्रह हाताने बनवणं अशक्य, म्हणून बहुतेक जमीन संगणक नियमांनुसार तयार करतो. परिणामी एका ग्रहावर पाहिलेली पडीक प्रयोगशाळा दुसऱ्या ग्रहावर जशीच्या तशी भेटते, आतल्या वस्तूंसकट. पृथ्वीवर काही प्रसिद्ध वास्तूंचे अवशेष सोडले, तर सगळीकडे धूळच. कोकण किनारा शोधायला गेलात, तर किल्ला सोडाच, समुद्रही सापडणार नाही.

त्यात लोडिंगचे पडदे. उड्डाण, उतरणं, दुसऱ्या तारामंडळात जाणं, प्रत्येक वेळी खेळ थांबतो. सुरुवातीला तर जमिनीवर फिरायला गाडीही नव्हती.

मग हेलियमचं काय?

यानाच्या टाकीत किती हेलियम-३ मावतं, यावर एका दमात किती लांब जाता येईल ते ठरतं. पण झेप संपली की टाकी आपोआप भरते. आधीची योजना अधिक कडक होती. मात्र इंधन संपून अडकून पडण्यात मजा नाही, असं ठरवून निर्मात्यांनी ती सौम्य केली. खेळाडूची गैरसोय टळली, पण अंतराची किंमतही गेली. इंधनाची चिंता नाही, वाटेत थांबायचं कारण नाही, नकाशावर बोट ठेवलं की पोहोचलात. अवकाश अफाट आहे हे दिसतं, जाणवत मात्र नाही.

आता खेळावा का?

मे २०२४ मध्ये सविस्तर नकाशे आले, ऑगस्टमध्ये गाडी आली आणि ३० सप्टेंबरला 'शॅटर्ड स्पेस' हा नवा भाग. त्यात बेथेस्डाने अनेक ग्रहांऐवजी एकाच ग्रहावर भर दिला.

पीसीवर १२५ जीबी जागा आणि एसएसडी लागते, हे आधी तपासा. कथा, पात्रं आणि यानबांधणी आवडत असेल, तर बरेच तास मजेत जातील. अज्ञात ग्रहांवर भटकण्यासाठीच घेणार असाल, तर अपेक्षा थोडी कमी ठेवा.