फोडणीच्या भाताची बखर

फोडणीचा भात पहिल्यांदा कोणी केला असेल, असा एक ऐतिहासिक प्रश्न मी एकदा आमच्या घरात जाहीरपणे विचारला. सौ. गॅसपाशी होती. मान न वळवता म्हणाली, "येतो म्हणून सांगून पाहुणे आले नाहीत, त्या घरातल्या बाईनं."

पीएच.डी.चा एक प्रबंध तिथल्या तिथे निकालात निघाला. तरीपण विषय काही सोडवेना. आपल्याकडे इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या. पानिपतावर किती माणूस पडलं यावर विद्वान अजून भांडतात. पण रात्री टोपात उरलेल्या भाताचं सकाळी काय झालं, यावर कधी कोणी परिसंवाद भरवल्याचं मी ऐकलं नाही. पाकशास्त्राची पुस्तकं म्हणावीत, तर तीही काही आजची नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्त्यांचं 'सूपशास्त्र' १८७५ साली छापलं गेलं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली. पुस्तक समोर ठेवून अनारसे करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. फोडणीचा भात पुस्तक बघून करणारी एकही पाहिली नाही. पुस्तक माळ्यावरून खाली काढीपर्यंत भात ताटात आलेला असतो.

मी मूळचा सोलापूरकडचा, म्हणजे भाकरीच्या मुलखातला. आमच्याकडे रोज उरायची ती भाकरी. भात सणावारी व्हायचा आणि सणावारी झालेल्या गोष्टी उरत नसतात. सकाळी आई शिळी भाकरी कुस्करून कांद्याबरोबर फोडणीला टाकायची. १९७२च्या दुष्काळानं तीही चैन संपवली. रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी आली. तिची भाकरी ताजी असतानाच शिळीसारखी लागे, तेव्हा फोडणीचा प्रश्न परस्पर मिटला. पुढच्या वर्षी नोकरीच्या निमित्तानं भिवंडीला आलो आणि नारपोलीत खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात शेजारून वाटीभर फोडणीचा भात आला. तेव्हा एक ऐतिहासिक सत्य उमगलं. देशावर भाकरी उरते, कोकणात भात उरतो, फोडणी मात्र दोन्हीकडे तीच. महाराष्ट्राची सांस्कृतिक एकात्मता वगैरे जे म्हणतात, ते बहुधा हिंगाच्या डबीत ठेवलेलं असावं.

त्या वेळची नारपोली निम्मी गाव आणि निम्मी कारखाना होती. पुढच्या अंगाला यंत्रमागांच्या शेड, मागच्या अंगाला भाताची खाचरं. मागांची खटखट रात्रंदिवस चालायची. नवीन माणसाला पहिला महिनाभर झोप यायची नाही आणि त्यानंतर वीज गेली, की खटखट थांबल्यामुळे झोपमोड व्हायची. कामगारांच्या खानावळीला इथं 'भिशी' म्हणतात. "मी भिशीत जेवतो," असं एखादा मागवाला सांगू लागला, की बाहेरून आलेल्या मध्यमवर्गीय माणसाच्या पोटात गोळाच येतो. याच्याकडे फंडाचे पैसे ठेवायचे नाहीत, अशी तो मनातल्या मनात नोंद करतो.

भाषेची दुसरी गंमत भाताचीच. गावातली आगरी मंडळी "भात कापायला जातो", "भात झोडला", "भात भरडून आणला" असं म्हणायची. आमच्याकडे भात कापत नाहीत, कालवतात. हळूहळू कळलं, की इथं शेतात उभा असतो तोही भात आणि ताटात येतो तोही भातच. मधल्या प्रवासात थोडा वेळ तो तांदूळ होतो, एवढंच.

आता त्या वाटीतल्या ऐवजाची वंशावळ पाहू. भात आपला, हळद आपली, याबद्दल वाद नाही. हिंग अफगाणिस्तानातला. भारतात हिंगाचं झाड लावण्याचा प्रयत्न हिमाचलातल्या लाहौलमध्ये सुरू झाला तो २०२० साली. म्हणजे इतकी शतकं आपण फोडणीचा हा आधारस्तंभ परमुलखातून विकत आणत होतो आणि वर "अस्सल मराठी चव" म्हणून मिशीला पीळ देत होतो. मिरची आणि शेंगदाणा हे तर अमेरिकेचे. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आली. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत, वसईला तेच बसले होते आणि वसई आमच्यापासून खाडीनं हाकेच्या अंतरावर. तेव्हा मिरचीला नारपोलीला यायला फारसं वल्हवावं लागलं नसेल. ज्ञानेश्वरांच्या काळात कोणी भात फोडणीला टाकला असेल, तर तो मिऱ्याच्या तिखटावर आणि बिनदाण्याचा. हे सौ.ला सांगितल्यावर ती म्हणाली, "दाण्याशिवाय? मग वनवास भोगला म्हणा की त्यांनी."

भात शिळाच का लागतो, याला मात्र शास्त्र आहे. तांदळातला स्टार्च शिजताना पाणी पिऊन फुगतो, म्हणून गरम भात एकमेकांच्या गळ्यात पडतो. रात्रभरात निवला, की त्यातला अमायलोज नावाचा घटक पुन्हा शिस्तीत उभा राहतो, शीत कडक होतं आणि सुटं होतं. ताजा भात कढईत टाकला तर त्याची हळद घातलेली खिचडी होते. चिनी लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांचा फ्राईड राईसही आदल्या दिवशीच्या भाताचाच चांगला होतो. हिमालयाच्या दोन्ही बाजूंना बायकांनी एकाच संकटावर एकच तोडगा काढला आणि त्यासाठी ना शिष्टमंडळ गेलं ना करार झाला.

शास्त्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. भातात एक जंतू असतो, बॅसिलस सेरियस. त्याची बीजं उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात रात्रभर उबेत राहिला, की ती जागी होतात आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. इंग्लंडात १९७० नंतरच्या काही वर्षांत चिनी उपाहारगृहांतला फ्राईड राईस खाऊन लोकांना उलट्या झाल्या, तेव्हा हे प्रकरण उजेडात आलं. तिथले स्वयंपाकी शिजवलेला भात फ्रिजमध्ये ठेवला तर त्याचे गोळे होतात, म्हणून तो बाहेरच ठेवत. आईला जंतूचं नाव ठाऊक नव्हतं. पण भाकरीच्या मुलखातली असूनही, नारपोलीला आल्यावर उरलेला भात ती पसरट ताटात उपसायची, ताट पाण्याच्या परातीत ठेवायची आणि सकाळी पहिल्यांदा नाकाशी न्यायची. नाक मुरडलं, की भात गाईला. गाय काही तक्रार करायला येत नसे.

पण हा सगळा थाट भात उरला तर. तो नेहमी उरत होता असं नाही. १९४२ साली जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. १९४३ पासून मुंबईत रेशनिंग आलं. १९६५ साली शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, ते कितीतरी घरांनी इमानानं सोडलं. त्या घरांत मंगळवारी सकाळी फोडणीला काय टाकणार? आम्ही आलो त्या सुमारास मुंबईच्या हद्दीत तांदूळ न्यायला बंदी होती. नारपोलीतून दादरच्या नातलगाकडे जाणारी बाई जाताना जरा जाड दिसायची आणि येताना बारीक. नाक्यावरच्या शिपायालाही ते दिसत असावं, पण त्याच्याही घरी चूल होतीच.

१९७०ची भिवंडीची दंगल मी ऐकून होतो, १९८४च्या मे महिन्यातली पाहिली. संचारबंदी लागली आणि माग थांबले. ती शांतता वीज गेल्यावरची नव्हती. भाजी नाही, दूध नाही, पाव नाही. डब्यात तांदूळ होता, कांदे संपले होते. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एका विणकर मास्तरांचं बिऱ्हाड होतं. त्यांचे आजोबा उत्तरेकडून इथं आलेले. त्यांच्याकडे कांद्याची अर्धी गोणी होती आणि तांदळाचा डबा रिकामा. दोन्ही घरांतल्या बायकांनी भिंतीवरून काय बोलणी केली ती मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीवर इकडून एक पातेलं चढलं आणि तिकडून पदरात बांधलेले कांदे उतरले. त्या दिवसांत भात शिळा व्हायला उरतच नव्हता, म्हणून सौ.नं ताजाच फोडणीला टाकला. त्याचा गोळा झाला. कोणी नावं ठेवली नाहीत. तेवढ्याच दिवसांत आमच्या मुलानं मास्तरांच्या मुलाकडून पतंगाचे चार नवे पेच शिकून घेतले, तेही भिंतीवर बसून आणि आवाज न करता.

आता माझा स्वतःचा एक सिद्धांत मांडतो. जुन्या एकत्र कुटुंबात ताजा भात कोणाच्या पानात पडायचा? आधी पुरुष, मग मुलं. बायका शेवटी बसायच्या आणि शिळं संपवायचं तेही त्यांनीच. सासूनं सुनेकडे सरकवलेलं शिळं अन्न हा मराठी कथेतला एक मोठाच विषय आहे. तर माझा तर्क असा, की आपल्या वाट्याला आलेला गार भात घशाखाली उतरावा म्हणून कुठल्यातरी सुनेनं पळीभर तेलात मोहरी तडतडवली. हेतू एवढाच होता. चूक झाली ती वासाची. हिंगाचा वास माजघरातून ओसरीवर गेला आणि ओसरीवरून आवाज आला, "काय चाललंय आत?" त्या दिवसापासून फोडणीचा भात पुरुषांचा न्याहारीचा पदार्थ झाला आणि सुनेला कढईची खरवड उरली.

हा सिद्धांत मी मोठ्या अभिमानानं सौ.ला ऐकवला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खरवडच चांगली लागते, अहो. खमंग." आणि कढई घासायला घेतली. विद्वानांनी याचा अर्थ काय लावायचा तो लावावा. पण त्यानंतर मी एकदा मुद्दाम खरवड मागून घेतली. खरोखरच चांगली लागते. आता त्या खरवडीवरून आमच्याकडे भांडण असतं आणि निकाल नेहमी कालथा जिच्या हातात तिच्या बाजूनं लागतो.

फ्रिज आला आणि या पदार्थाचा स्वभावच बदलला. गोदरेजनं १९५८ साली देशी फ्रिज काढला; आमच्याकडे तो पोचायला पुढची तीस वर्षं गेली. आता भात उरत नाही, 'ठेवला' जातो. आमची सूनबाई रविवारसाठी शनिवारी रात्रीच दोन वाट्या जास्त लावते. सौ.ला हे पटत नाही. तिचं म्हणणं, आपल्याला उद्या फोडणी बसणार आहे हे भाताला आधी कळता कामा नये. नात तर त्याला 'इंडियन फ्राईड राईस' म्हणते. तिचा काही दोष नाही. संध्याकाळी धामणकर नाक्याकडे गेलात तर गाडीवर लालभडक भात ज्वाळेवर उडत असतो. 'सेझवान' म्हणतात त्याला. सिचुआनच्या माणसानं तो ओळखला तर मी त्याला स्वखर्चानं खाऊ घालीन. पण आपल्याकडच्या चिनी खाण्याचा इतिहास असाच आहे. नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात आलं, लसूण, मिरची परतून सोया सॉस घातला आणि चिकन मांचुरियन जन्माला आलं. आलं, लसूण, मिरची! म्हणजे फोडणीच की ती. फक्त बुशशर्ट घालून आलेली.

खाचरं आता फारशी राहिली नाहीत. भिवंडीभोवती मैलोन् मैल गोदामं झाली. जिथं भात पिकत होता, तिथं आता तांदळाची पाकिटं रचलेली असतात आणि दार वाजवून घरपोच येतात. वाड्याच्या कोलमला, ज्याला इकडे झिनी म्हणतात, २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तांदळाला प्रमाणपत्र आलं, तोवर जमिनीला गिऱ्हाईक आलेलं होतं. आमच्या शेजारच्या आगरी म्हातारीनं मुलांच्या हट्टापायी सगळं विकू दिलं, पण खाडीकडचा एक तुकडा सोडला नाही. दर दिवाळीनंतर ती पायलीभर नवा तांदूळ घेऊन येते. पिशवी सौ.च्या हातात देते आणि बोट मात्र माझ्याकडे करून दम भरते, "यो नवा तांदूल हाय, चिकट व्हनार. याला आवंदा फोडनी नको. आवंदा पेज कर. पुढल्या दिवालीला काय तो फोडनीला टाक."